मिदोरी इतोचं पदक रौप्य होतं, सुवर्ण नव्हे

‘जपानच्या मिदोरी इतोने ट्रिपल अ‍ॅक्सल मारून १९९२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं’ असा मजकूर फिरतोय. इतो ही फिगर स्केटर, म्हणजे बर्फावर स्केटिंग करत उड्या-गिरक्या घेणारी खेळाडू, आणि ट्रिपल अ‍ॅक्सल ही त्या खेळातली एक उडी. यातली उडी खरी आहे, पण पदक चुकलंय. फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला झालेल्या त्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतोला रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकलं अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीने. तिचं आडनाव जपानी असल्यामुळेच बहुधा हा घोळ झाला असावा. फिगर स्केटिंगमध्ये जपानला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते २००६ साली, शिझुका अराकावामुळे.

मला तर ते रौप्यच जास्त मोलाचं वाटतं. आधीच्या फेरीत इतो पडली होती आणि चौथ्या स्थानावर घसरली होती. अंतिम फेरीत पहिल्या ट्रिपल अ‍ॅक्सललाही ती पडली. पण कार्यक्रम संपत आला असताना, पाय थकलेले असताना, तिने तीच उडी पुन्हा घेतली आणि नीट उतरली. ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि मागे तोंड करून उतरतात, म्हणून हवेत तीनऐवजी साडेतीन गिरक्या लागतात. ऑलिंपिकमध्ये ती साधणारी इतो पहिली महिला.

सुवर्णच सांगायचं तर १९८९ चं सांगा. त्या वर्षी पॅरिसमध्ये ती जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्केटर.