बॅटरीपर्यंत पाणी पोहोचायला वाट ठेवा

इलेक्ट्रिक गाडी पेटली की बघ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतके बंब आले, इतकं पाणी मारलं, तरी विझत कशी नाही? जवान कमी पडत नाहीत आणि पाणी हे माध्यमही चुकीचं नाही. आग बॅटरी पॅकच्या आत आहे, पाणी पॅकच्या बाहेर पडतंय, आणि मध्ये जी भिंत आहे ती पाणी आत जाऊ नये म्हणूनच बांधलेली आहे.

पॅक कसा असतो ते आधी बघू. चारचाकीत तो दोन ॲक्सलच्या मध्ये, तळाला सपाट बसवलेला असतो. खालून ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा जाड पत्रा, वरून पॅकचं झाकण आणि त्यावर गाडीचा फ्लोअर. बहुतेक पॅक आयपी६७ दर्जाचे असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत थेंब जाऊ नये. आपल्याकडच्या पावसात, तुंबलेल्या सबवेत हे लागतंच. पण तेच सील आगीच्या वेळी जवानाच्या विरोधात उभं राहतं. वरून मारलेलं पाणी फ्लोअरवरून वाहून जातं, खालून मारलेलं पत्र्याला आपटून रस्त्यावर पडतं. आतले सेल (ज्यांचा मिळून पॅक बनतो त्या छोट्या बॅटऱ्या) मात्र पाण्याला स्पर्शही न होता एकामागून एक पेटत राहतात.

सेल तापून साधारण ८० ते १२० अंशांवर गेला की आतून बिघडायला लागतो. १३० च्या आसपास विभाजक पडदा वितळू लागतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. निकेलवाल्या एनएमसी सेलमध्ये २०० अंशांच्या पुढे कॅथोडच (सेलचा धन ध्रुव) ऑक्सिजन सोडू लागतो. त्यामुळे हवा तोडून ही आग विझत नाही; पावडर, सीओटू, फोम यांनी वरची ज्वाळा क्षणभर बसते आणि पुन्हा उठते. लोह-फॉस्फेटवाला एलएफपी सेल जास्त सहनशील असतो, पण त्यातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन भरपूर असतो आणि बंद जागेत तो साठला तर आगीऐवजी स्फोटाला तोंड द्यावं लागतं. दोन्ही प्रकारांत उपाय एकच, पुढचा सेल तापण्याआधी त्याची उष्णता काढून घेणं. त्यासाठी पाण्याइतकं स्वस्त आणि समर्थ दुसरं काही नाही. फक्त ते सेलला लागलं पाहिजे.

लागलं नाही तर काय होतं, त्याचे आकडे बघा. टेस्लाच्या मॉडेल वायच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत बॅटरीची आग विझवून ती थंड करायला साधारण ११,००० ते ३०,००० लिटर पाणी लागू शकतं असं म्हटलं होतं. आपल्याकडच्या नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे बंबात, ४,५०० लिटर पाणी असतं. म्हणजे एका मोटारीसाठी तीन ते सात बंब. मिनिटाला ४५० लिटरने एक ब्रांच (होजच्या टोकाची नळी) चालवली तर एक बंब दहा मिनिटांत रिकामा. मुंबईत टँकरची साखळी लावता येईल. पण तालुक्याच्या नगरपरिषदेकडे मोजकेच बंब असतात, आणि घाटातल्या वळणावर हायड्रंट कुठून आणायचा? ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात टेस्लाचा इलेक्ट्रिक ट्रक जळाला तेव्हा सुमारे १,९०,००० लिटर पाणी लागलं आणि महामार्ग कित्येक तास बंद राहिला.

आता या प्रश्नाला मिळालेलं एक उत्तर, जे मला सगळ्यांत समजूतदार वाटतं. रेनोने फ्रान्सच्या अग्निशमन दलाबरोबर बसून पॅकच्या धातूच्या खोक्यातच एक भोक ठेवलं आणि त्यावर चिकटवलेली चकती बसवली. एरवी ती पूर्ण बंद असते, पाणी-धूळ आत जात नाही. होजच्या जोरदार धारेचा मारा तिच्यावर झाला की चकती निघते आणि पाणी थेट पॅकमध्ये भरतं, सेल बुडतात. तासन्‌तास चालणारी आग सुमारे दहा मिनिटांत आटोक्यात येते असं कंपनी सांगते. यात मोटर नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही, जवानाला नवं हत्यारही लागत नाही. हातात आहे तोच ब्रांच चालतो. २०२५ मध्ये रेनोने हे पेटंट इतर उत्पादकांसाठी मोफत खुलं केलं. त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब आता पेटंटच्या नावावर तरी चालणार नाही.

अशा भोकाबद्दल तीन शंका नेहमी येतात, आणि तिन्ही रास्त आहेत.

पहिली, सील कमकुवत होईल का? पावसाचा, तुंबलेल्या पाण्याचा, गाडी धुण्याच्या पंपाचा दाब सहन करून फक्त जवळून लागलेल्या एकवटलेल्या धारेला चकतीने सुटायला हवं. आपल्या उन्हात चिकटवलेला जोड दहा वर्षं टिकेल का, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सैल होईल का, याच्या चाचण्या इथल्या हवामानातच व्हायला हव्यात. युरोपातलं प्रमाणपत्र आणून काम भागणार नाही.

दुसरी शंका विजेची. ४०० किंवा ८०० व्होल्टच्या पॅकमध्ये पाणी सोडायचं? या पॅकचे दोन्ही ध्रुव गाडीच्या बॉडीपासून अलग ठेवलेले असतात, त्यामुळे धारेतून जवानापर्यंत मंडल सहज पूर्ण होत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पेटलेल्या पॅकवर पाणी मारताना नोझलपाशी धोकादायक प्रवाह आढळला नव्हता. (त्याच चाचण्यांतला एक पॅक विझल्यानंतर २२ तासांनी पुन्हा पेटला, तेही लक्षात ठेवावं.) अंतर राखायचं, उघड्या पडलेल्या केबलला किंवा फुटलेल्या पॅकला हात लावायचा नाही, एवढं पाळलं की इथे विजेपेक्षा विषारी धूर मोठा शत्रू आहे. इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. बीए सेटशिवाय (पाठीवरच्या श्वसनयंत्राशिवाय) एकाही जवानाने जवळ जाऊ नये, रस्त्यावरच्या मोकळ्या हवेतसुद्धा.

तिसरी शंका मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. भोक ठेवलं, पण आत पाणी पसरायला जागा आहे का? नव्या पॅकमध्ये मॉड्यूल (सेलचे गट करणारे डबे) काढून टाकून सेल थेट खोक्यात बसवतात आणि मधली पोकळी कडक फोमने भरतात. वजन वाचतं, मजबुती येते. पण अशा पॅकला नुसतं भोक दिलं तर पाणी पहिल्या दोन रांगा भिजवून थांबेल. म्हणजे वाट ठेवायची तर पॅकचं आरेखन करतानाच ठेवायची : सेलच्या रांगांमध्ये पाण्याला पाट, आणि आतली हवा बाहेर पडायला समोरच्या टोकाला झडप. हवा निघाली नाही तर पाणी आत शिरत नाही, हे पाण्याची टाकी भरणाऱ्या कुणालाही कळेल.

ज्या गाड्या आधीच रस्त्यावर आहेत त्यांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी बाहेरून वाट पाडायची अवजारं आली आहेत. ऑस्ट्रियाची रोझेनबावर कंपनी गाडीखाली सरकवायचं यंत्र बनवते. त्याचा सुळा पॅकमध्ये घुसतो आणि जवान लांबून पाणी सोडतो. दक्षिण कोरियात पाण्याच्याच दाबावर फिरणारं ड्रिल असलेला लान्स वापरात येतो आहे. स्वीडनमध्ये सुमारे ३०० बारच्या दाबाने धातू कापत आत जाणाऱ्या धारेचा वापर केला जातो. तिन्ही चांगली आहेत, महागही आहेत, आणि पॅक नेमका कुठे भोसकायचा हे माहीत असेल तरच उपयोगी. अनेक उत्पादक पॅक भोसकू नका असंच लिहितात, त्यालाही कारण आहे. न पेटलेल्या मॉड्यूलमध्ये सुळा गेला तर तिथे नवी आग आपणच लावतो. पहार किंवा कुऱ्हाड घेऊन पॅक फोडायचा प्रयत्न तर कुणीही, कधीही करू नये.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे मुळात पॅक पेटलाय का हे ओळखणं. इलेक्ट्रिक गाडीची प्रत्येक आग बॅटरीची नसते. सीट, वायरिंग, टायर जळत असतील तर ती नेहमीची गाडीची आग, नेहमीसारखी विझते. तिथे पॅकमध्ये पाणी भरलं तर धड बॅटरीची वाट लागते. पॅक पेटल्याच्या खुणा वेगळ्या : गाडीच्या खालून, चाकांच्या कमानीतून दाट पांढरा धूर, शिट्टीसारखा फुस्स आवाज, अधूनमधून फटाक्यासारखे टप-टप, आणि बाजूने आडव्या फेकल्या जाणाऱ्या ज्वाळा. तो पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे, पेट घेऊ शकणारा वायू आहे. थर्मल कॅमेऱ्याने पॅकची बाजू दर दोन-चार मिनिटांनी बघितली तर गरम पट्टा पुढे सरकतोय का ते कळतं. हा कॅमेरा प्रत्येक केंद्रावर असायलाच हवा.

मग येते माहिती. अपघातात माणूस अडकलाय, गाडी कापायची आहे, तेव्हा तीन गोष्टी लगेच कळायला हव्यात : १२ व्होल्टची बॅटरी कुठे, कट-लूप (उच्च व्होल्टेज तोडण्यासाठी कापायची वायर) कुठे, पॅक कुठून कुठपर्यंत. गाडी पी मध्ये घालायची, चाकांना ओंडके लावायचे, बंद करायची, चावी लांब न्यायची, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढायची, कट-लूप दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाकायचा. एकाच ठिकाणी कापलं तर टोकं पुन्हा टेकू शकतात. याने कॉन्टॅक्टर (पॅकला गाडीपासून तोडणारे स्विच) उघडतात आणि नारिंगी केबलमधलं उच्च व्होल्टेज जातं, पण पॅकच्या आत वीज तशीच असते. गाडीचे भाग ढकलणारा रॅम लावताना त्याचा पाया पॅकवर येणार नाही, पत्रा फाकवणाऱ्या स्प्रेडरने दाराखालचा उंबरा दाबताना पॅक चेपणार नाही, हे बघायला आराखडा लागतो. त्यासाठी आयएसओ १७८४० या मानकानुसार प्रत्येक मॉडेलचं मोजक्या पानांचं रेस्क्यू शीट असतं. युरोपात ती २०२० पासून गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप संस्थेच्या ॲपवर मिळतात, नेट नसतानाही उघडतात. रेनो काचेवर क्यूआर कोड लावते, तो स्कॅन केला की त्या गाडीचंच पान येतं.

आपल्याकडे एक चांगली गोष्ट आधीच झाली आहे : हिरवी नंबर प्लेट. वर्दीवर गेलेल्या जवानाला लांबूनच कळतं की गाडी इलेक्ट्रिक आहे. पण प्लेट वितळली, धुराआड गेली की संपलं. आणि २५ किलोमीटरच्या आतल्या वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या स्कूटरना प्लेटच नसते.

दुचाकींचं गणित वेगळं आहे. पॅक दोन-चार युनिटचा, बहुतेकांचा व्होल्टेज ६० च्या आत, त्यामुळे शॉक हा तिथला मुख्य धोका नाही. धोका आहे तो जागेचा : जिन्याखाली, दाराशी, घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममधून आग लागली आणि धूर वरच्या लॉजमध्ये चढून आठ जण गेले. काढता येणाऱ्या बॅटरीला फुस्स आवाज किंवा धूर सुरू झाला असेल तर ती उचलून बाहेर न्यायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला सांगताना 'इलेक्ट्रिक स्कूटर' हे शब्द आवर्जून उच्चारा. त्यावर बंबाबरोबर काय निघायचं ते ठरतं.

तळघरातलं पार्किंग ही पुढची मोठी काळजी. १ ऑगस्ट २०२४ ला कोरियात इंचॉनच्या एका निवासी संकुलाच्या तळघरात उभी मर्सिडीज पेटली, आग विझायला आठ तास लागले, शेकडो गाड्यांचं नुकसान झालं. स्प्रिंकलर होते, पण यंत्रणा बंद केली गेली होती. स्प्रिंकलरने पॅक विझत नाही हे खरं. शेजारची गाडी पेटायची थांबते, आणि तळघरात तेवढंच हातात असतं. सोसायटीवाल्यांनी व्हॉल्व्ह उघडा आहे का ते आजच जाऊन बघावं. फायर ब्लँकेट विकत घेऊन निर्धास्त होऊ नये. ते ज्वाळा दाबतं, पण खाली वायू साठतो, आणि कडा उचलली की स्फोट होऊ शकतो.

२०२२ च्या स्कूटर-आगींनंतर केंद्राने इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी-सुरक्षेची एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ ही मानकं कडक केली, दाब सोडणारी झडप आली, पेट पसरण्याच्या चाचण्या आल्या. हे चांगलंच झालं. पण ती सगळी प्रवाशाला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून आहेत. प्रवासी बाहेर पडल्यावर आत जाणाऱ्या माणसाचा विचार त्यात जवळपास नाही. चारचाकी आणि बसच्या पॅकला पाणी भरायचं ठरलेलं तोंड, त्याची जागा सर्व मॉडेलमध्ये शक्यतो एकसारखी, बाहेरून दिसणारी खूण, कट-लूपची जागा ठरलेली, आणि मराठीसह राज्यभाषांतलं रेस्क्यू शीट असल्याशिवाय विक्रीला परवानगी नाही, एवढं त्यात यायला हवं. ई-बससाठी तर तातडीने, कारण अनेक बसच्या बॅटऱ्या छतावर असतात आणि खालून मारलेली धार तिथे नुसती वरून निघून जाते.

आग विझल्यावरचा नियमही लिहून ठेवायला हवा. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे अपघातात सापडलेल्या टेस्लाची बॅटरी पाच दिवसांनी गाडी ठेवलेल्या आवारात पुन्हा पेटली होती. म्हणून गाडी फ्लॅटबेडवरच (सपाट ट्रकवर चढवून) न्यायची, चाकं फिरवत ओढायची नाही, आणि आवारात चारी बाजूंनी १५ मीटर मोकळी जागा ठेवायची. आपल्या पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्तीच्या गाड्या हँडलला हँडल लावून उभ्या असतात. तिथे जळालेली इलेक्ट्रिक गाडी आणून ठेवताना ठाणे अंमलदाराला हे कुणी सांगायचं, तेही त्याच नियमात नावानिशी यावं. एआयएसचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. अग्निशमन दलांच्या अधिकाऱ्यांनी, संघटनांनी आणि पॅक बनवणाऱ्या अभियंत्यांनी तिथे हे मुद्दे लेखी पाठवावेत. पुण्या-चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या मराठी माणसांची कमी नाही. त्यांनी पुढच्या डिझाइन रिव्ह्यूला अग्निशमन दलाच्या एखाद्या स्टेशन ऑफिसरला बोलावून पॅकच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारावं : साहेब, तुमची धार कुठून येईल?