निम्मा चांगला आहे की!

धान्य पोत्यात गेलं की गप्प पडून राहतं. बटाट्याला ते जमत नाही. जमिनीतून उपटला तरी तो मरत नाही, अंधारात पडल्या पडल्या श्वास घेत राहतो, तापतो, घाम गाळतो. आणि आपण बाहेर बसून मालाचा हिशेब मांडतो. माल कसला, आत एक अख्खी वस्ती जागी असते.

आमच्या कोठारातल्या वस्तीने पहिली तक्रार आईमार्फत पाठवली. "छप्पर गळतंय," ती म्हणाली. बाहेर आभाळ निरभ्र होतं, पण आईपुढे आभाळाचा दाखला चालत नाही. मी पत्र्यावर चढलो. भोक नाही. शेजारचे काका चढले, कारण मला भोक सापडत नाही यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, पण भोक नाही यावर नव्हता. त्यांनाही काही सापडलं नाही. तरी आत थेंब टपटपतच होते, तेही नेमके राशीवर.

झालं होतं ते असं. राशीतली गरम, दमट हवा वर जायची, रात्री गार पडलेल्या पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं आणि ते पुन्हा खाली. बटाट्यांनी स्वतःच्या अंगावर स्वतःच पाऊस पाडून घेतला होता. बटाट्याच्या पोटात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पण अंगावर थोडं पडलं की तो हाय खातो. सालीवर पाण्याचा पातळ थर बसला की हवा कोंडते, आणि सडवणारे जिवाणू याच मुहूर्ताची वाट बघत असतात. पेशींना पेशी चिकटवून ठेवणारा जो डिंक असतो, तोच ते विरघळवून टाकतात. त्यात यंदा काढणीच्या वेळी आभाळ हटायला तयार नव्हतं, म्हणजे निम्मी ओल माल शेतातूनच घेऊन आलेला.

दोन दिवसांत राशीला मधोमध खळगा पडला. वरून सगळं ठाकठीक, फक्त रास जरा बसलेली. वास म्हणाल तर सुरुवातीला फारसा नव्हता. ही सड आधी बिनवासाची असते, मग इतर जिवाणू पंगतीला येऊन बसतात आणि ते मात्र सगळ्यांना कळेल अशा बेताने जेवतात. मांजराने कोठार सोडलं तेव्हाच मी समजायला हवं होतं, असं नंतर काका म्हणाले. ते मांजराशी नेहमीच सहमत असतात.

विनोद बाजूला ठेवून एक सांगतो. बंद जागेत सडलेला बटाटा असेल तर एकदम आत शिरू नका. बटाटा आणि जिवाणू मिळून प्राणवायू खाऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. बंद तळघरात याने माणसं दगावलेली आहेत. आम्ही दारं-खिडक्या सताड उघडल्या, पंखे लावले आणि सगळे बाहेर उभे राहिलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, आत कुणी मोठा पाहुणा आलाय.

खळग्याच्या कडेचा एक बटाटा उचलला. दिसायला राजबिंडा. साल घट्ट, डोळे जागच्या जागी. अंगठ्याने दाबला तर अंगठा आत, थेट नखापर्यंत, आणि मनगटावरून काहीतरी पांढरट, गिळगिळीत ओघळून बाहीत शिरलं. ती बाही पुढे कुणीच धुवायला घेतली नाही.

नासक्या आंब्याने आढी नासते म्हणतात. पण आंबा बिचारा शेजाऱ्यापुरता वाईट. बटाटा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती. वरच्याला पत्ता नसतो आणि खालच्या चार मजल्यांचे छत ओले.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, चुना मारा. दुसरा म्हणाला, राख. तिसऱ्याने सगळा माल स्वच्छ धुऊन घ्यायला सांगितलं. पाण्याने सडलेल्याला पाण्याचाच उतारा सांगायला मोठं मन लागतं. काकांनी थेट १८४५चा आयर्लंडमधला दुष्काळ काढला. ती सड वेगळी, करपा रोगाची, शेतातून आलेली, आणि तिने लाखो माणसांचा घास घेतला. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "सुरुवात अशीच झाली असणार."

मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं की साठवणीच्या जागेत आर्द्रता नव्वद ते पंच्याण्णव टक्के हवी, नाहीतर बटाटा सुरकुततो. पुढच्याच ओळीत, बटाट्यावर पाणी मात्र बिलकूल नको. म्हणजे हवा ओली, बटाटा कोरडा. ही अट ज्याने घातली त्याने मुलगी नक्कीच चांगल्या घरी दिली असणार. शिवाय फार गार केलं, चार अंशांच्या खाली गेलं, की आतला स्टार्च साखरेत बदलतो. गरम ठेवलं तर कोंब. उजेडात ठेवलं तर हिरवा पडून विषारी. इतके नखरे असलेला जीव गरिबाचं अन्न म्हणून कसा काय खपला, हे मला कोडंच आहे.

शेवटी निवडायला बसलो. आधी कडेचा चांगला माल काढायचा आणि खळग्याला शेवटी हात लावायचा, नाहीतर सडका रस आपल्याच हाताने सगळ्यांना फासला जातो. टाकाटाकही नको, कारण प्रत्येक जखम म्हणजे जिवाणूंना उघडं दार. मी दोन ढीग ठरवले, चांगला आणि खराब. आईने येऊन तिसरा सुरू केला.

"हा का टाकलास?"

"सडलाय."

"निम्मा चांगला आहे की!"

यावर उत्तर नसतं. आई सुरी घेऊनच बसली. मी खराबमध्ये टाकायचा, ती त्यातून उचलायची, कापायची, वास घ्यायची, तिसऱ्या ढिगात ठेवायची. संध्याकाळी चांगल्यापेक्षा तिसरा ढीग मोठा होता. कापलेला बटाटा रात्रभरही धड टिकत नाही, हे मी सांगितलं. "म्हणून तर आजच खायचे," ती म्हणाली. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू सड मीच शोधून काढली होती.

निवडलेला माल पातळ पसरला, रात्रंदिवस वारा दिला. जे अर्धवट होते ते पंख्याखाली वाळून टरफलं झाले, आणि ती उचलायला सोपी. बराचसा माल वाचला आणि लगेच विकून टाकला, कारण अशा मालाला मुक्काम मानवत नाही. खराब ढीग खोल पुरायचा असतो, पण खड्डा खणायची पाळी आली तेव्हा सगळ्यांचीच कंबर गेली होती. तो जरा उथळच झाला.

पुढच्या हंगामात त्या जागेवर हिरवीगार, ठसठशीत बटाट्याची झाडं वर आली. असली झाडं रोग सांभाळून ठेवतात, उपटलीच पाहिजेत. मी कुदळ घेऊन गेलो तर आई आधीच तिथे उभी होती.

"बघ," ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते."