बसऱ्याच्या आबांचं नाव

गणपती उठले, पितृपंधरवडा लागला आणि आईने टुमणं लावलं, सर्वपित्रीच्या आधी एकदा माहेरी नेऊन आण. गेल्या आठवड्यात जमलं. आई, मी आणि अकरावीतला माझा मुलगा असे पिंपरीहून निघालो. वाईला आत्या, साताऱ्यात माझा शाळेतला मित्र आणि संध्याकाळपर्यंत आजोळ, असा बेत होता.

खडकीत मुलाने गाडी थांबवायला लावली. होळकर पुलाजवळची वॉर सिमेट्री त्याला आतून बघायची होती. रोज कॉलेजला जाताना त्याला ते फाटक दिसतं. आई म्हणाली, "पितरांच्या दिवसांत स्मशानात कशाला?" पण आली.

आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो. गवत एकसारखं कापलेलं, शिळांच्या ओळी सरळ, प्रत्येक शिळेपाशी फुलझाड. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात वारलेल्या अठराशेहून जास्त सैनिकांचीही नावं इथे कोरलेली आहेत. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीहून आणले. बाकीचे भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या दफनभूमीत कुठे कुठे आहेत. कबर राखता येत नाही, निदान नाव तरी राखू, असा तो विचार.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. मुलगा वाचून दाखवत होता: नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. एका शिळेपाशी वय एकवीस निघालं. खाली घरच्यांनी निवडलेली एक ओळ होती. आई वाकली, शिळेवरचं वाळकं पान उचललं आणि म्हणाली, "ह्याच्या आईला कुणी आणून दाखवलं असेल का रे हे?"

आणि मग दोन पावलं पुढे जाऊन, "आपले आबा कुठे असतील?"

बसऱ्याचे आबा म्हणजे आईच्या आजोबांचे थोरले भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीतून इराकला, बसरा बंदराकडे, गेले ते आलेच नाहीत. आमच्या घरात त्यांचं नावच पडलं बसऱ्याचे आबा. कधी गेले ते माहीत नाही, म्हणून तिथी नाही. तिथी नाही म्हणून शंभरेक वर्षं सर्वपित्री अमावास्येला एक पान त्यांच्या नावाने वाढलं जातं. लहानपणी मी ते पान गच्चीवर नेऊन ठेवलेलं आहे. आळूची भाजी, खीर, वडे. कावळा आला की आजी म्हणायची, आबा आले.

खंबाटकीत कासला फुलं बघायला निघालेल्यांची ही गर्दी. वाईला आत्याकडे जेवलो. तिने गुडघ्यांचं, सुनेचं आणि धोम धरणाचं सगळं सांगितलं, वर बांधून तिखट-मिठाच्या पुऱ्या दिल्या.

साताऱ्यात मित्राकडे मात्र तासभरासाठी गेलो आणि अडीच तास बसलो. तो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालाय. आईचं बोलणं त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, पलटण कुठली सांगायचे घरात?" आईला एवढंच आठवत होतं, एकशेदहावी मराठा. ती पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तोपर्यंत माणसं आत उपाशी, आजारी. मग कैद.

त्याने सांगितलं ते ऐकून मी सुन्न झाले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. आपल्या हवालदार-नाईक-शिपायांची नाहीत. त्यांचा पलटणीवार फक्त आकडा. आणि पद, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखी वागणूक, हे तर हे काम बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं तत्त्व! २०२१ मध्ये त्यांनी अहवाल काढून ही विषमता मान्य केली, माफीही मागितली. निदान १,१६,००० जण असे, की त्यांचं स्मरण नावाने झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही. बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. आपल्या शिपायांची नावं निदान नोंदवहीत तरी उतरली होती. आता ती नेटवर कुणालाही फुकट बघता येतात.

मित्राने तिथेच लॅपटॉप उघडला. गावाचं स्पेलिंग चार तऱ्हेने टाकून बघितलं. पाचव्या खेपेला सापडले. नाव, वडिलांचं नाव, गाव, पलटण, नंबर. जानेवारी १९१६ मधली एक तारीख. आईने पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आजोळी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. चावडीच्या भिंतीत तो जुना संगमरवरी फलक आहे, साताऱ्यात, कोकणात कितीतरी गावांत आहे तसाच. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. लहानपणी त्याला टेकून आम्ही लपाछपीचे आकडे मोजायचो. आबा त्या आकड्यात आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे काही जण म्हणतील, इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय एवढं? मला हे पटत नाही. महिना अकरा रुपये पगार होता. कोरडवाहू शेत आणि खाणारी तोंडं बघून ती पोरं गेली. तो पगार मनिऑर्डरीने इथेच आला, त्यावर आपले पणजोबा जगले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परतलेच नाहीत. साम्राज्य वाईट होतं म्हणून त्यांना बेनाव ठेवायचं, हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय आहे. खडकीत परक्या मुलुखातल्या एकवीस वर्षांच्या पोराचं नाव आपल्या मातीत कुणीतरी रोज पुसून स्वच्छ ठेवतं, आणि ते ठेवावंच. मग आपल्या चावडीवर आपल्या पोरांची नावं का नकोत?

मामांशी बोलले. ते सरपंचांना भेटणार आहेत. जुना फलक हलवायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरा लावायचा, देवनागरीत, नाव आणि वडिलांच्या नावासह. तुमच्या गावात असा फलक असेल तर फोटो काढा, पलटण माहीत असेल तर शोधा. शोधायला अडचण आली तर मला कळवा, मी आणि माझा मित्र बसून बघू. आबांचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आधी चावडीवर लागू दे, असं आईचं म्हणणं आहे.

रात्री परत येताना ती मागच्या सीटवर गप्प होती. मला वाटलं झोपली. शिरवळच्या पुढे तिने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्या तारखेला तिथी कुठली होती, बघ रे."