कुठेतरी पाणी मुरतंय

जुन्या पिकअपचा मालक ओळखायचा असेल तर पाऊस सुरू झाल्यावर त्याच्याकडे बघावं. बाकीचे लोक वर आभाळाकडे बघतात, हा खाली पायाशी बघतो. मॅटवर अंगठा दाबतो आणि 'पच्' आवाज आला की सुस्कारा सोडतो. आवाज आला नाही तर जास्त घाबरतो, कारण मग पाणी आज नव्या जागी गेलंय आणि ती जागा अजून सापडायची आहे.

माझ्या गाडीचं वय सांगत नाही, तिला आवडणार नाही. इंजिन खोकत का होईना सुरू होतं, गिअर मनधरणी केल्यावर पडतो, मागचं फाळकं लाथ मारल्याशिवाय लागत नाही. या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. डोकं फिरतं ते एका गोष्टीने. मागचा हौदा उघडा, त्याला ना छप्पर ना भिंती, पण कितीही पाऊस पडो, त्यातलं पाणी फटीफटींतून निघून जातं. आणि जिला छप्पर आहे, काचा आहेत, दारं आहेत, दारांना रबरं आहेत, त्या केबिनमध्ये ते मुक्कामाला राहतं.

बरं, पाणी नुसतं साचत नाही, ते फिरतं. छताच्या अस्तराच्या वर त्याचा साठा असतो. ब्रेक मारला की तो साठा पुढे येऊन कपाळावर टपकतो. डावीकडे वळलो की उजव्या खांद्यावर. शेजारी बसलेला माणूस उजव्या वळणांना भिजतो. आमच्याकडे बसणारे पाहुणे हल्ली रस्ता विचारून घेतात.

गळतीवर सल्ला द्यायला स्वतःची गाडी असावी लागत नाही. 'समोरच्या काचेचं रबर गेलंय' हे निदान मला प्रत्येकाने दिलं, गाडी न बघता, काहींनी तर फोनवर. आणि उपायही सगळ्यांचा एकच: सिलिकॉन मार! एवढं ठाम एकमत मी दुसऱ्या कुठल्याही विषयावर पाहिलेलं नाही.

या सिलिकॉनबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. माझ्या आधी ही गाडी ज्यांच्याकडे होती त्या सगळ्यांना हाच सल्ला मिळाला असणार आणि सगळ्यांनी तो मनोभावे पाळला असणार. काचेभोवती पांढरा थर, त्यावर पारदर्शक थर, त्यावर काळा, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, अगदी रेषांसकट. गाडीचे कागद हरवले असते तरी त्या ठशावरून मालकी सिद्ध झाली असती. सिलिकॉनची खोड अशी की ते काचेला चिकटतं, बोटांना चिकटतं, केसांना चिकटतं, पण जुन्या सिलिकॉनला चिकटत नाही. त्यावर रंगही बसत नाही. वरून ज्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना खरोखरच ॲसेटिक ॲसिड सुटतं. म्हणजे उघड्या पत्र्यावर लावलं तर खाली गंज धरायला आपणच आमंत्रण दिलं. वर पाणी, खाली आम्ल, मध्ये पत्रा. त्या बिचाऱ्याने करावं तरी काय? ब्लेड घेऊन तो सगळा इतिहास खरवडून काढला तेव्हा त्याच्याखाली काचेचं मूळ रबर निघालं. अगदी धडधाकट. त्याच्यावर इतकी वर्षं विनाकारण उपचार चालले होते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यात गाडीतल्या ओलीचंही नाव घालायला हवं. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. ते पत्र्याच्या सांध्यात शिरतं, आतल्या बाजूने ओघळतं, वायरींच्या जुडग्यावर चढतं आणि त्या वायरीचा हात धरून भलत्याच टोकाला उतरतं. बरेचदा ते टोक फ्यूजच्या पेटीवर असतं. मग गाडी उभ्या उभ्या हॉर्न वाजवते आणि शेजारी आपल्याकडे रागाने बघतात.

शेवटी एक वयस्कर मिस्त्री भेटले. कमी बोलणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाणी मारून बघा. पण खालून वर." मी विचारलं, वरून का नाही? ते म्हणाले, "वरून मारलंत तर गाडी धुतली जाईल."

यात सगळं शास्त्र आलं. छतावर पाइप धरला की पाणी सगळ्या फटींवरून एकदम वाहतं आणि कुठल्या फटीने दगा दिला ते कळत नाही. म्हणून आधी खालच्या सांध्यांवर, बारीक धारेने, एकेका जागी बराच वेळ. मग तिथून हळूहळू वर. आत मॅट उचललेली, सीट काढलेली, पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरलेली, म्हणजे ओघळ आला की त्याची रेघ उमटते. आणि आत टॉर्च घेऊन बसायला एक विश्वासू माणूस. हे पद माझ्या बायकोकडे आलं, तिला न विचारता.

"आलं का गं?"

"नाही."

"आता?"

"नाही. अहो, पण पावडरीने शिंका येतायत."

"आता बघ, वायपरच्या खाली मारतोय."

"थांबा, थांबा! आलं! माझ्या पायावर आलं!"

"पायावर कसं येईल? मी काचेखाली मारतोय."

"मला काय विचारता, पाण्याला विचारा!"

विचारलं. वायपरखाली एक जाळी असते, ती मी इतकी वर्षं शोभेची समजत होतो. तिच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी असते. पावसाचं पाणी तिच्यात पडावं, दोन्ही बाजूंच्या वाटांनी पुढच्या चाकांमागे खाली निघून जावं, आणि केबिनला लागणारी हवा ब्लोअरने त्याच पेटीतून ओढावी, अशी योजना. त्यासाठी ब्लोअरचं तोंड पेटीच्या तळापेक्षा जरा उंचावर ठेवलेलं असतं. आता वाटा बुजल्या तर पाणी चढत चढत त्या तोंडापर्यंत येतं आणि हवेच्या रस्त्याने थेट पायांवर उतरतं.

जाळी काढली. आत काळीभोर, ओलसर, भुसभुशीत माती. माती गेली कुठून म्हणून चिमटीत घेतली तर तिच्यात पानांच्या शिरा दिसल्या. वर्षानुवर्षांचा पाचोळा कुजून उत्तम खत झालं होतं. एका कोपऱ्यात दोन पानी रोप उगवलं होतं, टवटवीत. आमच्या कुंडीतल्या झाडांना असलं कधी जमलं नाही. दंडापर्यंत हात घालून ओंजळी ओंजळीने ते खत काढलं, तार घालून वाट मोकळी केली आणि तांब्याभर पाणी ओतलं. चाकामागून भसकन धार पडली. तो आवाज मी बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवला, अजून तांबे ओतून. ती मात्र आत गेली.

पुढच्या पावसात पाय कोरडे राहिले आणि दाराकडची बाजू भिजली.

दाराचं रबर तपासायची सोपी रीत म्हणजे कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकली तर रबर ठीक, सुळकन आली तर गेलं. माझी पट्टी अडकतही होती आणि तरी पाणी येत होतं. तेव्हा मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं की दाराच्या आत पाणी जातंच, ते जायचंच असतं. खिडकीची काच खाली सरकते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा एक पडदा असतो, तो हे पाणी केबिनकडे येऊ देत नाही. मी हादरलो. इतकी वर्षं या दाराला टेकून झोपलो होतो आणि हा बाबा पोटात पाणी घेऊन बसला होता!

पॅनेल उघडलं तर पडदा नव्हताच. पूर्वी कुणीतरी काचेची मशिनरी दुरुस्त करताना तो फाडून टाकला असणार, आणि 'हे काय उगाच प्लास्टिक' असंही म्हटलं असणार. नवा जाड प्लास्टिकचा कागद कापला, ब्यूटाइलच्या काळ्या चिकट पट्टीने चारी बाजूंनी बसवला, खालची कड दाराच्या पोटात खोचली आणि बुजलेली भोकं खिळ्याने मोकळी केली. हे काम मला मनापासून आवडलं. यात सिलिकॉन नव्हतं.

मधल्या काळात ऊन पडलं असताना, आठवडाभर पाऊस नसताना, शेजारच्या सीटखाली तळं झालं. हा एसीचा प्रताप. एसी हवेतलं बाष्प थंड करून जे पाणी काढतो ते एका नळीतून बाहेर ठिबकायला हवं. नळी तुंबली की ते आत येतं. नळी साफ केली, संपलं. त्या पाण्याला वास नसतो आणि ते चिकट नसतं, हे नशीब. चिकट, गोडसर वासाचं असतं तर तो कूलंट, म्हणजे हीटरची जाळी फुटलेली, म्हणजे सगळा डॅशबोर्ड खाली. ते चाखून मात्र बघू नये, विष असतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी ज्यांना ओळखतो ते लोक चाखून बघतील.

एवढं करूनही छतातला साठा आपला होताच. कपाळावरचा थेंब चुकत नव्हता. छताच्या कडेची पन्हळ बघितली, तिच्या सांध्यातला मसाला केसाएवढा तडकला होता. तो खरवडून नवा भरला. फरक पडला, पण पुरता नाही. मग पाइप घेऊन वर वर जात मागच्या काचेच्याही वर पोचलो. तिथे ब्रेकचा एक दिवा असतो. दोन स्क्रूंवर बसलेला, गरीब चेहऱ्याचा. त्याच्यावर संशय कोण घेणार? धार मारताच आतून आरोळी आली. दिवा काढला. त्यामागची स्पंजची पट्टी हातात आली ती भुकटी होऊनच. तिथून शिरलेलं पाणी अस्तरावर साचायचं, जास्त झालं की मागच्या खांबातून सीटमागे उतरायचं आणि गाडी उतारावर तोंड करून उभी केली की मॅटखालून पुढे येऊन माझ्या टाचेशी थांबायचं. म्हणजे कपाळावरचं आणि टाचेखालचं पाणी एकाच घरचं! नवी पट्टी कापून बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

मग सगळं कोरडं करणं आलं. मॅटखाली जाड नमदा असतो, तो इतकं पाणी पितो की ओला असताना दोघांना उचलत नाही, आणि वाळताना जो वास सोडतो त्याबद्दल घरात अजून बोलणं होतं. खालचा पत्रा घासला, गंज काढला, प्रायमर मारला. आणि आता हातासरशी म्हणून दोन्ही दारांना नवीकोरी रबरं बसवली.

तेव्हापासून दार लागत नाही. ओढलं की फुसकारा टाकून पुन्हा उघडतं. मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एकदा दार आपटून पाहिलं, कान देऊन ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "पॅक झाली गाडी. आतली हवा निघायला जागाच राहिली नाही. रबर बसेपर्यंत महिनाभर एक करा."

"काय?"

"काच बोटभर खाली ठेवत जा."