म्हणे स्पेनचे लोक आळशी!

सकाळी चहा टाकला आणि फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर मावसभावाचे एकोणचाळीस फोटो, आणि खाली हा मेसेज. "देश सुंदर आहे पण लोक एक नंबरचे आळशी. दुपारी दुकानं बंद करून झोपतात, रात्री दहाला जेवतात. म्हणूनच मध्ये भिकेला लागले होते. आणि आता माज बघा, टुरिस्टांवर पिचकाऱ्या मारतात." त्यावर काकांचा अंगठा, दोन मावश्यांचे हसरे चेहरे. इकडे माझा चहा उतू गेला.

दहा दिवसांची टूर. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, संध्याकाळी डाळभात कुठे मिळतो ते शोधा. एवढ्यात ह्याचं अख्ख्या देशाचं निदान करून झालं!

मी आठ महिने राहिलेय तिथे. सप्टेंबर 2012 ते मे 2013. कंपनीने माद्रिदला प्रोजेक्टवर पाठवलं होतं, सत्तावीस वर्षांची होते, आणि डोक्यात एकच, रोजचा भत्ता वाचवायचा. हॉटेल नको, फ्लॅट नको, कुणाच्या तरी घरात एक खोली मिळाली तरी चालेल. वाय्येकास म्हणून कामगारवस्ती आहे, मेट्रोची एक नंबरची लाइन जाते तिथे, तिकडे एका आजींच्या घरात खोली मिळाली. आजी म्हणाल्या 350 युरो. मी म्हटलं 300. का? तर ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की सध्या मंदी आहे, घासाघीस कर, कमी करतात. आणि केले त्यांनी कमी. मला किती भारी वाटलं होतं, आईला फोन करून सांगितलं होतं, बघ, परदेशात पण भाव पाडला. तेव्हा युरो सत्तर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार सुटले.

नोव्हेंबरात आजींचा मुलगा, सून आणि दोन पोरं बॅगा घेऊन घरी आले. कायमचे. मुलगा प्लास्टर-पीओपीचं काम करायचा, समुद्राकाठी जे टॉवरवर टॉवर उठत होते त्या साइट्सवर, आणि 2008 नंतर ते सगळं बसलं. घराचे हप्ते थकले, घर बँकेने घेतलं. इथपर्यंत आपल्याला कळतं, आपल्याकडेही होतं. पण तिथे तेव्हाचा कायदा असा की घर गेलं तरी कर्ज संपत नाही! लिलावात कमी पैसे आले की उरलेलं कर्ज मानगुटीवर तसंच. घरही नाही आणि हप्ताही आहे. मार्च 2013 मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की तिथला हा घर काढून घ्यायचा कायदा ग्राहकाला पुरेसं संरक्षणच देत नाही, तेव्हा आमच्या खालच्या बारमध्ये टीव्हीसमोर लोक टाळ्या वाजवत होते. तोवर किती घरं गेली असतील.

तर ते चौघं हॉलमध्ये झोपायचे. सोफा-कम-बेडवर नवराबायको, खाली गादीवर दोन पोरं. आणि त्या मुलाची लहानपणीची खोली, जिच्या कपाटाच्या दाराला अजून फुटबॉलचे स्टिकर होते, ती माझ्याकडे. भाड्याने. 300 युरोत.

सकाळी साडेसहाला उठून बाथरूमला जायचं तर हॉलमधूनच वाट. दिवा लावायचा नाही, मोबाईलच्या उजेडात पाय उचलून टाकायचा, धाकट्याचा पाय कायम गादीबाहेर, कोळ्याचं चित्र असलेला मोजा घातलेला. रोज वाटायचं आज तुडवणार. एका पायरीवर उभं राहून एखाद्याचं घर बघणं वेगळं आणि त्याच्या झोपलेल्या पोरांना ओलांडून जाणं वेगळं.

आणि हा म्हणतो आळशी.

तो मुलगा, म्हणजे बाप्या चाळिशीचा, रोज इस्त्रीचा शर्ट घालून फाइल घेऊन आठला बाहेर पडायचा. काम नव्हतंच कुठे. तरी जायचा. 2013 च्या सुरुवातीला तिथे बेकारी 27 टक्के होती, म्हणजे काम मागणाऱ्या चौघांतला एक घरी, आणि पंचविशीच्या आतल्यांत तर निम्म्याहून जास्त. बेकारभत्ता जास्तीत जास्त दोन वर्षं, मग महिना 426 युरो, तेही अटी घालून. सहाजणांचं घर मुख्यतः आजींच्या पेन्शनवर आणि माझ्या भाड्यावर चाललं होतं. अशी हजारो घरं होती, आजी-आजोबांच्या पेन्शनवर तीन पिढ्या. आजी आधी सकाळी पावाची एक लांब बार्रा आणायच्या, नंतर चार आणायला लागल्या. नारिंगी गॅस सिलिंडरचा हीटर मात्र रात्री फक्त दोन तास.

दुपारच्या झोपेचं म्हणाल तर माझ्या ऑफिसात मी एकालाही झोपलेलं बघितलं नाही. दोन ते चार जेवणाची सुट्टी आणि मग साडेसात-आठपर्यंत तिथेच. घड्याळाचंही असं आहे की 1940 मध्ये फ्रँकोने जर्मनीच्या वेळेशी जुळवायला ते एक तास पुढे केलं ते आजतागायत तसंच, त्यामुळे सूर्याच्या हिशोबाने त्यांचं दहाचं जेवण तितकंही उशिराचं नसतं. आणि दुकान दुपारी बंद म्हणून पुण्यातल्या माणसाने दुसऱ्याला हसावं? असो.

देश बुडाला तो झोपून नाही, उलट डोळे ताणून धंदा करण्यात बुडाला. कास्तेयोन नावाच्या शहराजवळ विमानतळ बांधला, मार्च 2011 मध्ये थाटात उद्घाटन केलं, आणि पहिलं नियमित विमान उतरलं 2015 मध्ये! साडेचार वर्षं नुसती धावपट्टी. बांधणारे, कर्ज देणारे, फीत कापणारे हे काय हॉलमध्ये झोपले होते का? बँका वाचवायला युरोपातून पैसा आला, आणि 1 सप्टेंबर 2012 पासून व्हॅट 18 चा 21 टक्के, सरकारी नोकरांचा त्या वर्षीचा ख्रिसमसचा जादा पगार रद्द. काही प्रांतांत तर शाळेत घरचा डबा नेला तरी पैसे घ्यायचं ठरलं. डबा! घरून नेलेला!

हो, लोकांनीही कर्ज काढताना डोळे मिटले होते, आजींच्या मुलाने घरासोबत गाडीही काढली होती. केलं त्याने. पुढे?

आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे स्पेनचं वेड आलं. 2011 च्या मे महिन्यात माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात पोरं तंबू ठोकून बसली होती, आम्ही राजकारणी आणि बँकांच्या हातातला माल नाही म्हणत, आणि दोन महिन्यांनी आपल्याकडे स्पेन फिरणाऱ्या तीन मित्रांचा तो पिक्चर आला, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. मग काय, ज्याला त्याला टोमॅटोत लोळायचं होतं. ती टोमॅटोची होळी होते त्या बुन्योल गावाची वस्ती नऊ-दहा हजार आणि येणारे चाळीस-पन्नास हजार. शेवटी 2013 मध्ये त्या कर्जात बुडालेल्या गावाने पहिल्यांदा तिकीट लावलं, 10 युरो, आणि वीस हजारांवर कुणाला आत घ्यायचं नाही. त्यावर माझ्याच एका मैत्रिणीने तेव्हा लिहिलं होतं, शी, किती कमर्शियल झालेत.

मी आठवते तेव्हा मला हॉल आठवतो. मी नेहमी फिरून फिरून तिथेच येते, मला माहितीये.

आता पिचकाऱ्या. जुलै 2024 मध्ये बार्सिलोनात मोर्चा निघाला, काहींनी हॉटेलबाहेर बसलेल्यांवर पाणी उडवलं. जेवणाऱ्या माणसावर पाणी उडवणं मला पण आवडलं नाही, लहान मुलं होती तिथे. पण पाणीच होतं ना? 2013 मध्ये त्या देशात साधारण सहा कोटी टुरिस्ट आले, 2024 मध्ये 9 कोटी 38 लाख. लोकसंख्या पाच कोटींच्या आत. मंदीतून वर यायला त्यांनी दारं उघडली, टुरिझमनेच त्यांना तारलं हेही खरं, नाही कोण म्हणतं. पण मग राहत्या बिल्डिंगा टुरिस्टांच्या फ्लॅटनी भरल्या आणि भाडी अशी चढली की त्याच शहरात कॉफी देणाऱ्या पोरीला त्याच शहरात खोली परवडेना. बार्सिलोनाच्या महापौरांनी सांगितलंय की 2028 पर्यंत असे सगळे फ्लॅट, दहा हजारांच्या आसपास, बंद करणार. करतील तेव्हा बघू. गोव्यातल्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही, ती नुसती मान हलवते.

आणि भावाच्या त्या एकोणचाळीस फोटोंत एक आहे, बाल्कनीतला. खाली लिहिलंय, "एकदम सेंट्रल, घासाघीस करून स्वस्तात पाडला." टूर संपल्यावर दोन दिवस जास्त राहिला तो. ते वाचून मी फोन उलटा ठेवला. त्याला काय बोलणार मी. मी काय वेगळं केलं होतं?

कारण खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत मी एकदाही म्हटलं नाही की आजी, 350 घ्या. किंवा मी हॉलमध्ये झोपते, पोरांना खोलीत टाका. सुचलं होतं. अनेकदा सुचलं. पण सकाळी ऑफिस असतं, झोप हवी, आणि करार झालाय ना, असं स्वतःला सांगायचे. आठ महिन्यांत 28,000 रुपये वाचवले मी त्या घरातून, आणि त्यांनी मला कधी त्याची जाणीव करून दिली नाही. उलट 31 डिसेंबरला मी खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते तर आजींनी दार वाजवलं, "इहा, चल." इहा म्हणजे पोरी. तिथे रात्री बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं खातात, एका ठोक्याला एक. टेबलावर वाट्या मांडल्या होत्या आणि आजी एकेक द्राक्ष मोजून टाकत होत्या, बोटांनी, ओठ हलवत, मोठी द्राक्षं पोरांकडे. पाच वाट्या असतील असं मला वाटलं. सहा होत्या. मी चौथ्या ठोक्यालाच मागे पडले, तोंडात तीन द्राक्षं, आणि तो एरवी न बोलणारा बाप्या माझ्याकडे बघून हसून हसून बेजार.

मेमध्ये निघाले. टॅक्सी खाली आलेली, आजींच्या गालाला गाल लावून झाला, आणि मी बॅग दाराबाहेर काढेपर्यंत आतून धाडधाड आवाज. धाकटा माझ्या पलंगावर उड्या मारत होता, आणि आजी इथूनच ओरडत होत्या, अरे, तिला जाऊ तर दे आधी!