ॲप गेलं, नियम राहिला

शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तर पम्याचं आधीच सुरू होतं, "बघितलं का, तीन दिवसात मागं घ्यायला लावलं सरकारला, पब्लिकने ओरडा केला की होतं, तुम्ही लोक उगाच रडत बसता." विषय अर्थात संचार साथीचा, म्हणजे हरवलेले फोन बंद करायच्या त्या सरकारी ॲपचा. ज्यांचं त्या आठवड्यात लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो, २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मोबाईल कंपन्यांना ऑर्डर काढली की नव्वद दिवसात प्रत्येक नवीन हँडसेटमध्ये हे ॲप आधीच टाकून द्यायचं आणि ते बंद करता येता कामा नये, १ डिसेंबरला बातमी फुटली, २ तारखेला मंत्री म्हणाले नको असेल तर डिलीट करा, आणि ३ तारखेला सक्तीच रद्द झाली. तेवढ्या तीन दिवसात आमच्या ग्रुपवर जे काय उडालं ते उडालं, कोणी म्हणालं आता आपलं सगळं वाचणार, कोणी म्हणालं चोरीचे फोन सापडतील म्हणून विरोध करताय का, दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं ते अजून तसंच आहे.

अण्णांना हे आवडलं नव्हतं. अण्णा टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले, आमच्यात सगळ्यात मोठे, त्यांच्या भाच्याचा हरवलेला फोन संचार साथीवरूनच ब्लॉक केला होता, त्यामुळे ते म्हणाले "चांगल्या सोयीला तुम्ही पोरांनी नाट लावलात." आता यात तथ्य आहे, आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर) टाकून फोन बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघता येतं, हे मी स्वतः करून बघितलंय आणि ते उपयोगाचं आहे. भांडण सोयीशी नव्हतं, सक्तीशी होतं, हे मी त्यांना सांगत होतो तेवढ्यात वकीलबाई (आम्ही हिला कॉलेजपासून वकीलबाईच म्हणतो, तेव्हा ती वकील झाली पण नव्हती) पम्याकडे वळून म्हणाली, "ती ऑर्डर कशाखाली काढली होती ते वाचलंस का?"

पम्या म्हणाला आता रद्द झाली ना, वाचून काय करू.

"टेलिकॉम सायबर सिक्युरिटी रूल्स, २०२४. आणि ते रूल्स निघाले टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ खाली. ऑर्डर गेली, रूल्स जागेवर आहेत, कायदा जागेवर आहे. उद्या दुसऱ्या नावाने तशीच ऑर्डर काढायची तर एक सही लागते फक्त. आणि त्याच २८ तारखेला दुसरी पण ऑर्डर निघालेली, मेसेजिंग ॲपला चालू सिम जोडलेलं हवं, वेबवरून दर सहा तासांनी लॉगआऊट. ती नाही घेतली मागं ३ तारखेला. तिच्याबद्दल कोणी काय टाकलं ग्रुपवर?"

कोणीच नव्हतं टाकलं. मी पण नव्हतं. मी त्या दोन दिवसात पाच-सहा पोस्ट फॉरवर्ड केल्या होत्या आणि नंतर चेक केलं तर त्यातल्या एकीतही नियमाचं नाव सुद्धा नव्हतं, नुसता राग होता. राग खोटा नव्हता पण तो ॲपच्या आयकॉनवर अडकला होता, आयकॉन दिसेनासा झाला आणि रागही गेला.

मला हेच टोचतं आणि म्हणून हे लिहितोय. हा २०२३ चा कायदा आला तेव्हा आपण कुठे होतो? १८ डिसेंबरला लोकसभेत बिल मांडलं, २० ला पास, २१ ला राज्यसभेत पास, त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित होते, म्हणजे चर्चा काय झाली असेल ती असेल. १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट, इंग्रजांचा, एवढ्या वर्षांनी त्याच्या जागी दुसरा कायदा येतोय आणि तो चार दिवसात संसदेतून बाहेर. त्या आठवड्यात माझ्या फोनवर या विषयाचं एक सुद्धा फॉरवर्ड आलं नव्हतं. ॲप डोळ्याला दिसतं, कलम दिसत नाही, म्हणून ॲपवर तीन दिवस आणि कलमावर शून्य.

अण्णा म्हणाले, "अरे पण टॅपिंग काय आजचं आहे का. आमच्या वेळेला पण व्हायचं. लेखी ऑर्डर यायची, साहेबांच्या टेबलावर, मग एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाईनी जिथे जोडलेल्या असतात त्या चौकटीवर जाऊन, त्या नंबरच्या तारांच्या जोडीवरून जंपर म्हणजे जोडतार काढून दुसरीकडे द्यायचा, पलीकडे माणूस बसलेला असायचा कान लावून. त्यात पोरं पळवणारे सापडले, खंडणीवाले सापडले. तुम्हाला ते नकोय का? आणि मला विचाराल तर माझ्याकडे लपवायला काही नाही."

"मला काय लपवायचंय" हे वाक्य ऑनलाईन तर दर तिसऱ्या कमेंटला असतं, पण अण्णा बोलले म्हणून कोणी लगेच तुटून पडलं नाही. आणि पळवलेल्या पोराचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावायचा नाही, सरकारला फोन ऐकायचा अधिकार कधीच नको असं आमच्यात कोणीच म्हणत नव्हतं. पण अण्णांनीच स्वतःच्या तोंडाने दुसरी गोष्ट सांगितली होती ती मला महत्त्वाची वाटली. त्यांच्या वेळी एक फोन ऐकायला एक माणूस लागायचा. जंपर हाताने ओढायला लागायचा. म्हणजे कायद्यात काही लिहिलेलं असो नसो, आपोआप मर्यादा होती, हजारो लोकांचे फोन ऐकायला तेवढी माणसं कुठून आणणार. आता ती अडचणच राहिली नाही, संगणकावर नंबर टाकला की झालं, म्हणून पूर्वी जी मर्यादा मनुष्यबळामुळे होती ती आता कागदावर असायला पाहिजे, आणि कागदावर काय आहे ते बघितलं तर छातीत धस्स होतं.

वकीलबाईने मग ते उलगडून सांगितलं. आपल्याकडे केंद्रातली टॅपिंगची ऑर्डर काढतो गृहसचिव, राज्यात राज्याचा गृहसचिव. न्यायाधीश कुठेच नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये १९९६ ला सुप्रीम कोर्टाने फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाचा भाग आहे असं म्हटलं, अटी घातल्या, पण कोर्टाची आधी परवानगी घ्या असं नाही म्हटलं. ऑर्डर साठ दिवसांची, वाढवत वाढवत एकशेऐंशी. तपासायला रिव्ह्यू कमिटी, त्यात केंद्रात कॅबिनेट सचिव आणि दोन सचिव, म्हणजे सरकारच सरकारला तपासणार, दोन महिन्यातून एकदा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये टॅपिंगचे नवीन इंटरसेप्शन रूल्स आले त्यातही सांगाडा तोच. २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला, तरीही सांगाडा तोच.

"आता आकडा ऐका. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा रिपोर्ट आहे, डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी सरकारनेच नेमलेली समिती. त्यांनी माहिती अधिकारातल्या उत्तराचा हवाला देऊन लिहिलंय की केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार ऑर्डर निघतात. म्हणजे कमिटीच्या एका मीटिंगला पंधरा ते अठरा हजार. त्यांनीच म्हटलंय की हे काम अशक्य आहे."

पम्या हिशोबात पक्का, त्याने फोन काढला. सकाळी बसून संध्याकाळपर्यंत सलग आठ तास, पाणी प्यायला पण न उठता, तर एका ऑर्डरला दोन सेकंद सुद्धा येत नाहीत. तो दोनदा परत करून बघत होता, त्याला वाटलं कुठेतरी शून्य जास्त पडलं. मग म्हणाला "दोन सेकंदात तर नाव पण वाचून होत नाही." इथून पुढे पम्या जरा गप्प झाला, आणि पम्या गप्प होणं ही मोठी गोष्ट आहे.

अण्णा हलले नाहीत. "कमिटी वाढवा मग, दहा करा. पण न्यायाधीशाकडे जायला लावलंत तर पोरगं मरेल तोपर्यंत." वकीलबाई म्हणाली तातडीची सोय आत्ताच्या नियमात पण आहे, आधी ऐका आणि कामाच्या सात दिवसात मंजुरी घ्या, तीच सोय ठेवा, फक्त मंजुरी देणारा न्यायाधीश असू द्या. आणि नंतर माणसाला कळवा. जर्मनीत पाळत संपली की त्या माणसाला कळवायची तरतूद कायद्यातच आहे, तपासाला धोका असेल तर उशिरा, पण कळवतात. आपल्याकडे कधीच कळत नाही. मुंबई हायकोर्टाने २०१९ ला एका उद्योजकाच्या टॅपिंगच्या तीन ऑर्डर रद्द केल्या, म्हणाले लाचेच्या केसमध्ये सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न कुठे आला, रेकॉर्डिंग नष्ट करा. पण तो कोर्टात जाऊ शकला कारण त्याच्यावर केस झाली आणि ते रेकॉर्डिंग पुढे आलं. ज्याच्यावर केसच झाली नाही, नुसतं ऐकलं, तो कुठे जाणार?

मग बंटी, जो तोपर्यंत ऐकत होता, त्याने दुसरं नेहमीचं काढलं, की सगळं गुगलला देतोच ना आपण, मग सरकारला द्यायला काय जातं. हे वाक्य मला खरंच पटत नाही आणि मी जरा चढ्या आवाजात बोललो. एक तर कंपनी आपल्याला अटक करू शकत नाही. आणि दुसरं म्हणजे कंपनीकडे गेलं म्हणजे सरकारपर्यंत गेलं नाही असं थोडीच आहे, २०१३ ला अमेरिकी गुप्तचर खात्यासाठी काम करणाऱ्या स्नोडेनने जे बाहेर काढलं त्यात प्रिझम नावाचा प्रोग्राम म्हणजे तेच होतं, कंपन्यांकडचाच माल. आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या सगळ्यांच्या फोनच्या नोंदी गोळा करायचा जो प्रोग्राम उघड झाला, त्याची त्यांच्याच सरकारी मंडळाने २०१४ ला तपासणी केली, तर दहशतवादाच्या तपासाचा निकाल त्या नोंदींमुळे ठोस बदलला अशी एकही केस त्यांना सापडली नाही. एकही नाही! त्यामुळे "सुरक्षेसाठी लागतं" म्हटलं की मी तरी आता किती लागलं ते विचारतो.

अण्णांना खरं हललेलं मी बघितलं ते अथेन्सच्या गोष्टीला, कारण ती त्यांच्या कामातली. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्सचेंजमध्ये एरिक्सनचं सॉफ्टवेअर, त्यात पोलिसांसाठी कायदेशीर टॅपिंगची सोय आतच बसवलेली, पण ती चालवायचा, नोंदी ठेवायचा भाग व्होडाफोनने अजून घेतलेला नव्हता. कोणीतरी आत शिरलं आणि २००४ ते २००५ मध्ये शंभराहून जास्त फोन ऐकले, त्यात ग्रीसचे पंतप्रधान सुद्धा. पंतप्रधान! अण्णा म्हणाले "म्हणजे जंपर ओढला आणि रजिस्टरला एन्ट्री नाही." अगदी बरोबर, यापेक्षा सोपं मी पण सांगू शकलो नसतो. आणि ती जुनी गोष्ट म्हणून सोडायची तर २०२४ घ्या, अमेरिकेत सॉल्ट टायफून नावाने ओळखले जाणारे चिनी हॅकर टेलिकॉम कंपन्यांमध्ये घुसले, कोर्टाच्या ऑर्डरने टॅपिंग करायची जी यंत्रणा १९९४ च्या कायद्याने ठेवायला लावलेली तिच्यापर्यंत पोचले, आणि मग ज्या एफबीआयने वर्षानुवर्षं एन्क्रिप्शनच्या (तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून मेसेजला लावलेल्या कुलपाच्या) नावाने तक्रार केली त्यांचेच अधिकारी लोकांना सांगायला लागले की एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा. दार पोलिसांसाठी बसवलं म्हणून दाराला कळत नाही समोर कोण उभं आहे.

ब्रिटनचं मी शेवटी काढलं कारण ते अगदी आपल्यासारखं आहे. २०१६ ला त्यांनी इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट केला, कोण कुठल्या साईटला गेला याच्या नोंदी वर्षभर ठेवायला लावता येतील असा, लोक खूप चिडले, एक लाखाच्या वर सह्यांची याचिका झाली, आणि मग विषय थंड. कायदा तिथेच. नऊ वर्षांनी, २०२५ च्या सुरुवातीला, त्याच कायद्याखाली ॲपलला गुप्त नोटीस गेली की आयक्लाऊडचा एन्क्रिप्टेड बॅकअप उघडता आला पाहिजे, नोटीस आली हे सांगायला सुद्धा बंदी, आणि फेब्रुवारीत ॲपलने ब्रिटनमध्ये ती सोयच काढून घेतली. परत दोन आठवडे आरडाओरडा. कलम २०१६ चं, लोकांना दिसलं २०२५ ला.

बंटी म्हणाला मग करायचं काय, रोज राजपत्र वाचायचं? यावर बराच गोंधळ झाला, सगळे एकदम बोलत होते. माझं म्हणणं एवढंच होतं की रोज नको, पण बातमी आली की फॉरवर्ड करायच्या आधी तीन गोष्टी बघू, कुठल्या कलमाखाली, सही कोणाची, आणि तपासणार कोण. आणि बिलावर सूचना मागवतात तेव्हा लिहू, तेव्हा लिहिलेलं एक पत्र नंतरच्या शंभर हॅशटॅगपेक्षा जड आहे असं मला वाटतं. पम्याचं म्हणणं हॅशटॅगशिवाय ३ तारखेला ऑर्डर मागं गेलीच नसती, आणि ते पण खोटं नाही, मी मान्य केलं. अण्णा शेवटपर्यंत न्यायाधीशाला तयार झाले नाहीत. पण म्हणाले की एन्ट्री पाहिजे, आणि ती बाहेरच्या माणसाला बघता आली पाहिजे.

रात्री वकीलबाईने ग्रुपवर २०२४ च्या इंटरसेप्शन रूल्सची पीडीएफ टाकली. सकाळी उठून बघतो तर पहिला मेसेज अण्णांचा, पाच वाजून वीस मिनिटांचा, "रूल तीन वाचला. हे सरळ मराठीत कोणी लिहून देईल काय." तिने पहिली तीन कलमं लिहून पाठवलीत, चौथं पम्याने घेतलंय.