कंडेन्सर फुगलो

परवा टीव्ही बंद पडला. लाल दिवा लागे, 'टिक टिक' होई, चित्र नाही. कंपनीच्या माणसाने व्हॉट्सॅपवर फोटो बघून निकाल दिला: बोर्ड बदला, साडेचार हजार. मी टीव्ही चादरीत गुंडाळून वेंगुर्ल्याच्या बाजारात नेला.

दुकानात बाकावर एक आजोबा, मांडीवर पंखा. मेस्त्रीने टीव्हीचं झाकण काढलं मात्र, त्याच्या आधी आजोबांचं डोकं आत.

"कंडेन्सर फुगलो!"

"नाही हो, खारी हवा. बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक गंजला असणार," मी अधिकाराने बोललो.

"खारी हवा तुझ्या टकलेत गेली हा. ह्यो बघ, डोक्यार सपाट व्हयो, तो वड्यासारखो फुगलो. दिसणा नाय? काय करतस रे झिला तू?"

"कॉलेजात... इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मेस्त्रीकडे वळून म्हणाले, "म्हणान पोरां मुंबयक जातत."

आता सांगतो, मला सगळं माहीत आहे! कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. आतला द्रव तापून वायू होतो, दाब वाढतो, फुटला तर सरळ फुटावा म्हणून डोक्यावर फुलीची खाच मुद्दाम पाडलेली असते. 2000 च्या सुमारास तैवानच्या काही कारखान्यांत त्या द्रवाची कृतीच बिघडली होती, जगभरच्या कॉम्प्युटरांच्या मदरबोर्डांवरचे कंडेन्सर असेच फुगले. पण 'फुगलेला ओळखा' हा प्रश्न पेपरात मी कधी घातला नाही, मलाही कुणी घातला नव्हता.

आणि इथे तर कृतीही चुकलेली नव्हती. 85 अंशांपर्यंतच सोसणारा कंडेन्सर तापणाऱ्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला, चिकटवून बसवलेला! साधारण 10 अंश उष्णता कमी झाली की याचं आयुष्य दुप्पट होतं, हे बसवणाऱ्या इंजिनिअरला शिकवणारा कुणी माझ्यासारखाच असणार. चार रुपये वाचवायचे आणि गिऱ्हाइकाला साडेचार हजार सांगायचे. त्या माणसाला झाकण तरी उघडावंसं वाटलं का?

मेस्त्रीने 105 अंशांचे दोन बसवले. दीडशे रुपये, मजुरीसकट. टीव्ही लागल्यावर आजोबांनीच आवाज वाढवून बघितला. त्यांचा पंखा मात्र तसाच मांडीवर. काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही म्हणे. "तुझोय कंडेन्सरच," असं मी म्हणणार होतो, पण मेस्त्री आधी म्हणाला.

आज सकाळी बांगडे घ्यायला गेलो. कोळीण पाटीवरचा हात न थांबवता म्हणाली, "सरांनू, फुगलेलो बदललो मां?"